गळा नेमका कुठे? उद्यमबागेतल्या एका वातबोगद्याचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक म्हातारं रेडियल ड्रिल आणि पाच हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर. शेजारीपाजारी फाउंड्र्या, त्यामुळे आमचा धंदा मुख्यतः कास्टिंग मापात आणून देण्याचा. तिकडे हत्तरगीच्या सेझमध्ये विमानांचे सुटे भाग होतात, पण ते काम आमच्यासारख्यांच्या दारात येत नाही. त्यामुळे जूनच्या शेवटी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची दोन पोरं, एक निपाणीची मुलगी आणि एक खानापूर तालुक्यातला मुलगा, छत्र्या झटकत आत आली आणि "काका, मारुत टेस्ट करायचंय" म्हणाली, तेव्हा मी सरळ विचारलं, "कुठली मारुती? आठशे?"

मारुत म्हणजे एचएफ-२४. बेंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या हाताखाली आखलेलं, आपल्या देशातलं पहिलं लढाऊ जेट विमान. पहिलं उड्डाण १७ जून १९६१. एकूण १४७ बनली, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढलीही. आखताना डोळ्यांसमोर ध्वनीच्या दुप्पट वेग होता. त्यासाठी धरलेलं आफ्टरबर्नरवालं (मागच्या झोतात आणखी इंधन जाळून जोर वाढवणारं) इंजिन ब्रिटिशांनी मध्येच सोडून दिलं, मग साधी ऑर्फियस ७०३ इंजिनं बसवावी लागली आणि विमान ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावरच अडकलं. पोरांनी कॉलेजच्या सहलीत एचएएलच्या संग्रहालयात ते पाहिलं होतं. त्यांचा प्रश्न असा: दोष इंजिनाचा म्हणतात, पण आकाराचा वाटा किती? दोन लहान मॉडेलं करायची, एक कमरेत आवळलेलं, एक सरळ, माक ०.९५ च्या वाऱ्यात धरायची आणि फरक बघायचा. म्हणजे वातबोगदा करायचा: मॉडेल जागेवर धरायचं आणि नळीतून त्याच्यावर वेगवान हवा सोडायची. वारा मी द्यायचा, कारण कॉम्प्रेसर माझा.

माक म्हणजे ध्वनीच्या वेगाशी तुलना. माक १ म्हणजे ध्वनीइतका, माक २ म्हणजे दुप्पट. मी डिप्लोमावाला माणूस. एवढं माहीत होतं, पुढचं पोरांच्या पुस्तकातून त्यांच्याच बरोबर बसून शिकलो. पुढे जे लिहितो आहे ते त्या पाच महिन्यांचं. बोगदा चालला, पण मागितलेलं काम त्यानं केलं नाही, आणि का केलं नाही हेच या प्रकरणातलं खरं सार आहे.

पहिला नकार कागदावरच मिळाला

हवा नळीतून जाते तेव्हा दर सेकंदाला आत शिरलेलं वजन आणि बाहेर पडलेलं वजन सारखं राहायला हवं. घनता गुणिले वेग गुणिले क्षेत्रफळ, हा गुणाकार कायम. पाण्याची घनता बदलत नाही, म्हणून पाइपाचं तोंड दाबलं की धार जोरात जाते आणि विषय संपतो. हवेचं तसं नाही. ती वेग घेताना विरळ होत जाते. किती? वेग एक टक्का वाढवलात तर माक ०.३ ला घनता ०.०९ टक्के घटते, म्हणजे काहीच नाही. माक १ ला बरोबर एक टक्का घटते. माक २ ला चार टक्के. याचा अर्थ माक १ च्या खाली हवेला पळवायचं तर वाट अरुंद करायची, आणि माक १ च्या वर पळवायचं तर वाट रुंद करायची, कारण हवा वेगाच्या वाढीपेक्षा जास्त फुलते. बरोबर माक १ ला क्षेत्रफळ ना वाढतं ना घटतं. तिथे ती वाटेत सगळ्यात अरुंद जागी असते. त्या जागेला पुस्तकात कंठ म्हणतात, आम्ही गळा म्हटलं.

आधी अरुंद, मग रुंद असं नोझल १८८० च्या दशकात गुस्ताफ दे लावाल या स्वीडिश माणसानं वाफेच्या टर्बाइनसाठी वापरलं. दुधातून साय वेगळी काढायचं फिरतं यंत्रही त्याचंच. आमच्या भागातल्या दूध डेअऱ्यांनी त्याचं हे एक काम घेतलं, दुसरं रॉकेटवाल्यांनी.

आता मारुतचं मॉडेल. आमच्या बोगद्याची चाचणीची जागा ठरली होती २० मिलिमीटर रुंद, २७ मिलिमीटर उंच, म्हणजे ५४० चौरस मिलिमीटर. माक ०.९ ने हवा वाहत असेल तर तिच्या वाटेचं क्षेत्रफळ गळ्याच्या क्षेत्रफळापेक्षा फक्त ०.९ टक्के जास्त असतं. म्हणजे वाटेत ०.९ टक्के अडथळा ठेवला की अडथळ्याशेजारची उरलेली जागा हाच गळा होतो, तिथे हवा माक १ ला पोचते, आणि मागून कितीही दाब द्या, मॉडेलच्या पुढचा वेग ०.९ च्या वर सरकत नाही. बोगदा तुंबला. ५४० चे ०.९ टक्के म्हणजे पावणेपाच-पाच चौरस मिलिमीटर. अडीच मिलिमीटर जाडीची तार. आणि माक ०.९५ ला ही सवलत ०.२ टक्क्यांवर येते, म्हणजे एक चौरस मिलिमीटर.

मुलीनं कॅल्क्युलेटर खाली ठेवला आणि म्हणाली, "काका, मारुतचं मॉडेल टाचणीएवढं करायचं का?"

हा त्रास जगभर सगळ्यांनाच झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या लँगली प्रयोगशाळेत मोठमोठे बोगदे होते, पण माक १ च्या आसपास सगळे तुंबायचे. माक ०.७ पर्यंत आकडे मिळत, १.४ च्या पुढे मिळत, मधला पट्टा आंधळा. तिथल्या जॉन स्टॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोगद्याच्या भिंतींना लांबीच्या दिशेनं खाचा पाडल्या. मॉडेलमुळे ढकलली गेलेली हवा त्या खाचांतून बाहेर सरकते आणि भिंत असूनही नसल्यासारखी होते. या कामाला १९५१ सालची कोलियर ट्रॉफी, अमेरिकेतला विमानविद्येतला मानाचा पुरस्कार, मिळाली. आमच्यासारख्या फाउंड्रीवाल्यांना यात नवल वाटू नये. साच्यातली हवा निघून जायला आपण व्हेंट मारतोच की.

त्याच खाचांच्या बोगद्यात तिथल्याच रिचर्ड व्हिटकॉम्ब या अभियंत्याला १९५२ च्या सुमारास क्षेत्रफळाचा नियम सुचला. गाजराच्या चकत्या कराव्यात तशा विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत आडव्या चकत्या कल्पा. पंख, शेपटी, सगळं धरून प्रत्येक चकतीचं एकूण क्षेत्रफळ मोजा. माक १ च्या जवळ हवेला ते क्षेत्रफळ धडात आहे की पंखात याचं फारसं सोयरसुतक नसतं. ते हळूहळू वाढून हळूहळू उतरलं पाहिजे, एवढंच ती बघते. पंख सुरू होतात तिथे एकदम उंचवटा आला तर रोध, म्हणजे विमानाला मागे ओढणारा हवेचा अडथळा, उसळतो. उपाय: पंखांच्या जागी धड आवळायचं. अमेरिकेतल्या कॉन्व्हेअर कंपनीचं वायएफ-१०२ हे लढाऊ विमान ऑक्टोबर १९५३ मध्ये उडालं ते सपाट उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडेना. मग त्याचं धड ११ फूट लांबवलं, कमरेत आवळलं, मागे शेपटीशी दोन फुगवटे जोडले. नवं रूप २० डिसेंबर १९५४ ला उडालं आणि दुसऱ्याच दिवशी चढत्या उड्डाणात ध्वनीच्या पलीकडे गेलं. वजन घटवण्यासाठी जग धडपडतं, आणि इथे फुगवटे *जोडून* विमान वेगवान झालं! मला स्वतःला हे पटायला चार दिवस लागले.

तर माक ०.९५ आपल्या आवाक्याबाहेरचं. मग काय करायचं? उलटं वाटेल, पण माक २ सोपं. तिथे मॉडेलला जागा मिळते, भिंतींना खाचा लागत नाहीत, वेग फक्त नोझलच्या मापावर ठरतो. पोरं हिरमुसली. त्यांना सांगितलं की बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवनांनी १९५० च्या दशकात देशातला पहिला स्वनातीत (ध्वनीपेक्षा वेगवान वाऱ्याचा) वातबोगदा उभा केला तो एक इंच बाय तीन इंचांचा होता. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा १.२ मीटरचा मोठा बोगदा १९६७ चा, म्हणजे मारुत उडून सहा वर्षं झाल्यानंतरचा. आपण २० बाय २७ मिलिमीटरवर आहोत, फार मागे नाही.

माप आणि मांडणी

माक २ साठी चाचणीच्या जागेचं क्षेत्रफळ गळ्याच्या १.६८७५ पट लागतं. २७ भागिले १६ बरोबर तेवढंच. उंची १६ पासून २७ मिलिमीटर, रुंदी सगळीकडे २०. गळा ३२० चौरस मिलिमीटर. नोझलचा आतला बाक सरळ उतरता चालत नाही, नाहीतर आतल्या आत लाटा आपटत राहतात. तो बाक मुलीनं संगणकावर काढला आणि ॲल्युमिनियमचे दोन ब्लॉक वायरकटवर, म्हणजे तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या मशीनवर, कापून आणले. बाजूंना २० मिलिमीटर जाड ॲक्रिलिक. नोझलच्या मागे सहा इंची पाइपाचा फ्लँज लावलेला डबा, आत दोन जाळ्या, म्हणजे हवा शांत होऊन नोझलमध्ये शिरेल. मागे ५०० लिटरची टाकी, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घेतलेला, दाब आठ किलो. आमच्याकडे चौरस सेंटिमीटरवरच्या किलोला नुसतं किलो म्हणतात.

हिशेब असा: टाकीत साधारण सव्वापाच किलो हवा. गळ्यातून सुरुवातीला सेकंदाला ६७०-६८० ग्रॅम जाणार. सात-आठ सेकंदांत दाब तिसऱ्या हिश्शावर. आठ सेकंदांच्या वाऱ्यासाठी दहा मिनिटं कॉम्प्रेसर चालवायचा.

हवा दिसावी म्हणून श्लीरेन. दुर्बिणीचा अंतर्गोल आरसा, एक एलईडी, दाढीचं ब्लेड आणि मोबाइल. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा लवलवताना दिसते ना, तोच प्रकार. घनता बदलते तिथे प्रकाश किंचित वाकतो. वाकलेला प्रकाश ब्लेडवर अडतो आणि तिथे काळी रेघ उमटते. चाचणीच्या जागेत पोलादाची पाचर बसवली. माक २ ला पाचरीच्या टोकापासून दोन तिरप्या रेघा निघायला हव्या होत्या.

पहिला दिवस, आणि दोन चुकीचे आठवडे

ऑगस्टमध्ये पहिल्यांदा व्हॉल्व्ह उघडला. आवाज असा की शेजारचा चहावाला आत डोकावला. पाचरीशी रेघ नाही. पण गळ्याच्या थोडं पुढे, नोझल रुंदावत जाते तिथे, वरच्या भिंतीपासून खालच्या भिंतीपर्यंत एक काळी उभी रेघ थरथरत होती. ती हळूहळू मागे सरकत गळ्यात गेली आणि नाहीशी झाली. आठ-दहा सेकंद. हिशेबही आठ सेकंदांचाच होता, त्यामुळे वेळ जुळली म्हणून आम्ही त्या बाजूला बघितलंच नाही.

मग नेहमीचं सुरू झालं. मी म्हणालो, वायरकटवाल्यानं बाक बिघडवला. मुलगा म्हणाला, ॲक्रिलिकच्या कडेनं हवा गळते. मुलीला श्लीरेनवर संशय. मी तर गळ्यावर बारीक एमरी मारून तो चकचकीत केला. त्यात उंची १६.१ झाली, हे नंतर मायक्रोमीटरनं सांगितलं. गॅस्केट बदललं, आरसा हलवला, पाचर पुढे-मागे केली. रेघ तिथेच.

आमच्या फिटरला सगळे मामा म्हणतात. घरी कानडी, शॉपवर मराठी, शिक्षण सातवी. तो दोन आठवडे काही बोलला नव्हता. एका दुपारी डबा उघडून बसला होता, म्हणाला, "सावकार, हवा आठ सेकंदांत संपणार म्हणालात, होय की नाही? मग मिनिटभर शूं शूं कसली करतंय हे?"

मी मुलीकडे बघितलं, मुलीनं माझ्याकडे. रेघ आठ सेकंदांत जात होती हे खरं, पण टाकी रिकामी व्हायला एक मिनिट लागत होतं. रोज ऐकत होतो. कानावर पडूनही डोक्यात शिरलं नव्हतं.

"आणि गेज टाकीवर लावून काय कळतंय? डब्यावर लावा की."

डब्यावर गेज लावला. टाकीवर आठ किलो, डब्यात पाव किलो.

कारण लाजिरवाणं होतं. टाकीपासून डब्यापर्यंत आम्ही शॉपमधलीच अर्धा इंची होज आणि एअर गनचा क्विक कपलर (नळी झटकन जोडायचा-काढायचा जोड) वापरला होता. कपलरच्या आतलं भोक साडेसात मिलिमीटरचं, म्हणजे ४४ चौरस मिलिमीटर. नोझलचा गळा ३२०. आम्ही तीन आठवडे वायरकट करून जो गळा केला तो गळा नव्हताच. खरा गळा दोनशे रुपयांच्या कपलरमध्ये होता. हवा माक १ ला तिथे पोचत होती आणि मागचा दाब कितीही असो, तेवढ्याच भोकातून जेवढी जाईल तेवढीच पुढे सोडत होती. तेवढी हवा सातपट मोठ्या गळ्यातून जायची तर डब्यातला दाब टाकीच्या सातव्या हिश्शाच्या आसपास राहणार. बाहेरची हवा धरून टाकीत नऊ किलो, डब्यात सव्वा; वर होजमधला तोटा. पाव किलोचा गेज बरोबर बोलत होता.

ती रेघ कुठे उभी राहावी हेही मग काढता आलं, आणि मला या प्रकरणातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, म्हणून बाहेरचा दाब ०.९४ किलो. डब्यात १.१९. एवढ्या दाबावर नोझलच्या गळ्यातही हवा कशीबशी माक १ ला पोचते, पुढे रुंदीत वेग घेत माक १.६ पर्यंत जाते, पण बाहेरच्या हवेला ढकलून बाहेर पडायला दाब पुरत नाही. मग वाटेतच आघात तरंग उभा राहतो, हवा त्यातून एका झटक्यात ध्वनीच्या वेगाखाली येते आणि उरलेली वाट संथपणे कापते. हिशेबानं तो उभा राहायला हवा तो नोझलची उंची २० मिलिमीटर आहे तिथे. मोबाइलवरच्या फोटोत पट्टी धरली, साडेएकोणीस. भिंतीलगतच्या आळसट थरामुळे तेवढा फरक चालतो. टाकी १३ टक्के उतरली की नोझलचा गळासुद्धा माक १ ला पोचेनासा होतो आणि रेघ विझते. तेवढं उतरायला त्या कपलरमधून आठ-एक सेकंद लागतात. म्हणजे आमचे आठ सेकंद आणि हे आठ सेकंद यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता.

कपलर, होज काढून टाकलं. दोन इंची पाइप, दोन इंची फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह. त्याचं क्षेत्रफळ गळ्याच्या सहापट. बॉल व्हॉल्व्ह घेताना 'फुल बोअर' हे दोन शब्द बघून घ्या, नाहीतर बाहेरून दोन इंची आणि आतून दीड इंची निघतो.

धुकं

नव्या पाइपवर पहिल्याच वेळी डब्यात पावणेआठ किलो आले, आवाज बदलला, टाकी आठ सेकंदांत बसली. आणि चाचणीच्या जागेत पांढरं धुकं. पाचर दिसेना.

बेळगावचा ऑगस्ट. माक २ ला हवेचं तापमान डब्यातल्या तापमानाच्या १.८ व्या हिश्शावर येतं, केल्विनमध्ये. २७ अंशांची हवा उणे १०६ अंशांवर. जगातल्या कुठल्याही हिवाळ्यापेक्षा थंड, आणि आमच्या टाकीत पावसाळी हवा. भरलेल्या टाकीचा ड्रेन कॉक उघडला तर अर्धा कप चहाएवढं पाणी निघालं, आणि तरी हवेत वाफ शिल्लक होतीच. वाफेचं धुकं होताना उष्णता बाहेर पडते आणि वाहत्या हवेचा दाब-वेगही बिघडवते. नुसतं दिसण्याचं संकट नव्हे. लढाऊ विमानाभोवती पांढरा शंकू दिसतो तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, खाली लिहिलेलं असतं की विमानानं ध्वनीची भिंत फोडली. ते हेच धुकं आहे. पंखांवरून हवा फुलून थंड झाली, वाफ दिसली. ध्वनीच्या वेगाच्या जरा अलीकडेही दिसतं.

मामानं कॉम्प्रेसरच्या पुढे तांब्याच्या नळीचं वेटोळं पाण्याच्या बॅरेलमध्ये बुडवलं, त्यापुढे चार इंची पाइपात सिलिका जेल. रात्री टाकी भरायची, सकाळी ड्रेन करायची, मग चालवायची. जेल निळ्याचं गुलाबी झालं की मुलगी घरी नेऊन कढईत भाजून आणायची. आईला काय सांगितलं ते विचारलं नाही.

आठ मिलिमीटरचा हट्ट

धुकं गेलं तेव्हा पाचरीच्या जागी मुलानं स्वतः प्रिंट केलेलं एक मॉडेल बसवलं होतं, आठ मिलिमीटर जाड, पूर्ण रुंदीचं. पुन्हा मॉडेलच्या पुढे भिंतीपासून भिंतीपर्यंत उभी रेघ. दाब भरपूर, हवा कोरडी, तरी मॉडेलभोवती हवा ध्वनीच्या खालीच.

बोगदा सुरू होताना पहिल्यांदा एक उभा आघात तरंग चाचणीच्या जागेतून वाहून पुढे जावा लागतो. माक २ ला त्या तरंगातून जाताना हवा आपल्या एकूण दाबातले २८ टक्के गमावते. दाब घटलेल्या हवेला त्याच वजनासाठी जास्त रुंद वाट लागते: मूळ गळ्याच्या १.३९ पट. आमच्याकडे जागा १.६८७५ पट. म्हणजे अडवता येते ती जेमतेम पावणेअठरा टक्के. २७ मधले ४.८ मिलिमीटर. आठ मिलिमीटरचं मॉडेल म्हणजे बोगद्यात दुसरा गळा, आणि तोही अपुरा. तरंग त्याच्या पुढे येऊन थांबला, खानापूरच्या घाटात आडव्या लागलेल्या ट्रकमागे गाड्या थांबाव्यात तसा.

४.८ हा कागदावरचा आकडा. आम्ही तीन मिलिमीटरची पाचर घासून घेतली, मध्यापासून प्रत्येक बाजूला १० अंश.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, खंडेनवमीला मशिनं पुजायची म्हणून शॉप धुवायला काढलं होतं, तेव्हा रेघा दिसल्या. पाचरीच्या टोकापासून वर आणि खाली, सुतानं आखाव्यात तशा सरळ. माक २ ला १० अंशांच्या पाचरीशी कोन ३९.३ अंश यायला हवा. फोटोवर कंपासपेटीतला कोनमापक ठेवला, ४० आणि ४१ च्या मध्ये. त्यावरून वेग निघतो माक १.९५ च्या आसपास. कमी का? माझ्या एमरीनं गळा ०.१ मिलिमीटर मोठा झाला त्याचं पाप फार तर ०.०१ माक. बाकीचं भिंतींचं. भिंतीला चिकटलेली हवा संथ असते, तिनं प्रत्येक बाजूनं साधारण पाव मिलिमीटर वाट खाल्ली असं धरलं की हिशेब बसतो. इथेही क्षेत्रफळच.

मुलानं एक गोष्ट विचारली जी पुस्तकात पटकन दिसत नाही: माक २ म्हणजे ताशी किती? बाहेर २७ अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४७ मीटर, दुप्पट म्हणजे जवळजवळ ७००. पण बोगद्यातली हवा उणे १०६ अंशांवर आहे, तिथे ध्वनीच सेकंदाला २६० मीटरनं चालतो. म्हणून आमचा वारा ५२० च्या आतच होता.

मारुतच्या प्रश्नाचं काय झालं

उत्तर मिळालं नाही. तीन मिलिमीटर जाडीत मारुतचं मॉडेल होईल, पण माक २ ला ते ठेवून उंबरठ्यावरच्या रोधाबद्दल काही कळत नाही. रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा, असा मी आग्रह धरला. कॉलेजच्या गाइडना ते 'नकारात्मक' वाटलं, पण राहू दिलं.

मुलगी मात्र गप्प बसली नाही. तिनं दोन्ही मॉडेलं, आवळलेलं आणि सरळ, वीतभर लांबीची प्रिंट केली आणि शहापुरातल्या ओळखीच्या सराफाकडून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. काट्यावर पाण्याचं उंच भांडं. मॉडेल नाक खाली करून ड्रिलच्या स्पिंडलला अडकवलं आणि पाण्यात एकेक मिलिमीटर उतरवलं. मॉडेल जेवढं पाणी बाजूला सारतं तेवढं वजन काट्यावर वाढतं. एका मिलिमीटरला ०.३ ग्रॅम वाढलं तर त्या चकतीचं क्षेत्रफळ ३०० चौरस मिलिमीटर (पाण्याची पातळी वर चढते ती दुरुस्ती तिनं वेगळी केली). नाकापासून शेपटीपर्यंत आलेख तयार. आवळलेल्या मॉडेलचा आलेख शांत टेकडीसारखा, सरळ मॉडेलला पंखांच्या जागी खांदा. रोध किती हे यातून कळत नाही. हवा कुठे कुरकुर करणार हे कळतं. सगळ्या प्रकल्पात खर्च सर्वांत कमी या प्रयोगाला आला, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवला.

मामा आता शॉपमध्ये नवं कनेक्शन असलं की आधी आतलं भोक मोजतो. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं सँडब्लास्टिंग कमी जोरात चालत होतं, त्यानं नोझलकडे न बघता थेट कपलर काढला.

पुढच्या वर्षीची दोन पोरं येऊन गेली आहेत. त्यांना माक १.५ हवा आहे, म्हणजे ध्वनीच्या जरा जवळ. खिडक्या त्याच ठेवायच्या म्हणून बाहेरची उंची २७ च, गळा १६ वरून २३ मिलिमीटरवर जाईल, टाकी पाच-सहा सेकंदांतच बसेल. अडथळ्याची सवलत पावणेअठरा टक्क्यांवरून साडेआठवर उतरते, म्हणजे कागदावर २.३ मिलिमीटर. तीन मिलिमीटरची पाचर तिथे चालणार नाही, दोनची नवी घासावी लागेल. ड्रॉइंग झालं आहे, वायरकटवाल्यानं दिवाळीनंतरची तारीख दिली आहे.